चौदा नंबरचं नाव

"थांब, थांब. मागं घे ते," भागवतराव म्हणाले.

धर्मराजनं माऊसचं चाक उलटं फिरवलं. पडद्यावरून एक वाढदिवस गेला, कुणा आजीचं पुण्यस्मरण गेलं आणि निळ्या रंगावर हसणाऱ्या एका तरुणाचा फोटो येऊन थांबला. 'वाघलखेड्याचे भूमिपुत्र सुमित दाभाडे यांची वीज खात्यात तंत्रज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे अकरा चेहरे, सगळ्यांचे हात जोडलेले.

"हे कधी आलं?"

"कालच व्हॉट्सॲपवर पाठवलं पोरांनी. आठ बाय दहाचा पाह्यजे, दुपारपर्यंत लावायचाय म्हणले. कामून जमादार? काही वांधा हाये का?"

"वांधा काय असतो त्याच्यात? चांगलीच गोष्ट हाये."

असं म्हणाले खरे, पण समोर ठेवलेला चहा त्यांनी उचलला नाही. चहावर साय धरली तरी ते त्या फोटोकडे बघत बसले. शेवटी धर्मराजनंच कप उचलून बाजूला ठेवला.

देवगव्हाण ठाण्याचे गोपनीय जमादार भागवत वराडे रोज दहाच्या सुमाराला ह्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बसत. हल्ली गावातलं भांडण आधी फ्लेक्सवर येतं आणि मग रस्त्यावर. कुणाचा फोटो वर घेतला, कुणाचा गाळला, कुणाच्या नावामागं काय पदवी लावली, हे नीट वाचलं की पुढच्या आठवड्यात कुठं काय उपटणार ते कळतं. वार्ताहरांना जे दुसऱ्या दिवशी कळायचं ते भागवतरावांना शाई वाळायच्या आधी कळायचं. तिथून मग पिठाच्या गिरणीवर, कारण कुणाच्या घरी एकदम दोन पायल्या डाळ भरडायला आली की तिथं माणसं जमणार हे ठरलेलं. मग मंडपवाल्याकडं, मग घनसावंगीहून येणाऱ्या जीपगाड्यांच्या थांब्यावर. संध्याकाळी अर्ध्या पानाचा अहवाल जालन्याला. अंतर्गत सुरक्षा वगैरे मोठे शब्द दिल्लीत वापरतात. देवगव्हाणात ती सुरक्षा तेहतीस वर्षं नोकरी झालेल्या एका जमादाराच्या रूपानं जुन्या हिरो होंडावर फिरत होती, आणि तिच्या मागच्या टायरची नक्षी पार झिजली होती.

ह्या कामाला शाबासकी नसते. चोर पकडला तर फोटो येतो. दंगल झाली नाही तर कशाचा फोटो काढणार? भागवतरावांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्याकडं जमवलेलं असं एकच होतं. लोक त्यांना सांगत. ह्या माणसाच्या कानात टाकलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही आणि हा कुणाचं नाव उगीच कागदावर घेत नाही, एवढं चाळीस खेड्यांतल्या माणसांना माहीत होतं.

आणि तरीही सुमित दाभाडेचं नाव बारा वर्षं त्यांच्या कागदावर होतं.

प्रत्येक ठाण्यात एक यादी असते. सणवार, निवडणुका, मिरवणुका आल्या की तिच्यातल्या माणसांना नोटिसा जातात, ठाण्यात बोलावून शांतता राखण्याच्या हमीवर सह्या घेतात. यादीत नाव जायला एक संध्याकाळ पुरते. निघायला मात्र कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं. दर वर्षी गणपतीच्या आधी भागवतराव ती यादी नव्यानं लिहीत आणि वर शेरा मारत, 'मागील यादीप्रमाणे कायम.' तीन माणसं मेली तेव्हा त्यांची नावं निघाली. सुमित जिवंत होता, म्हणून त्याचा चौदा नंबर तसाच राहिला. आता नोकरी म्हणजे चारित्र्य पडताळणी. तो अर्ज देवगव्हाणलाच येणार आणि त्यावर ठाण्याला लिहून द्यावं लागणार, की ह्या इसमाविरुद्ध प्रतिबंधक कारवाई झालेली आहे. पुढं काय होतं ते शाळकरी पोरालाही कळतं.

अर्ज आधीच आला होता. भागवतराव ठाण्यात पोचले तेव्हा तो शेळके साहेबांच्या टेबलावर होता.

शेळके साहेब ठाण्याचे प्रमुख. वय पस्तीसच्या आत, कागद पूर्ण वाचून सही करणारा माणूस. असे साहेब वाईट नसतात, पण त्यांना गुंडाळताही येत नाही.

"वराडे, हा दाभाडे तुमच्या यादीतला ना?"

"व्हय साहेब. चौदा नंबर."

"मग याच्याबद्दल प्रतिकूल काही नाही असं मी कसं लिहू?"

"बारा सालात त्याच्यावर साध्या भांडणाची एनसी बी न्हाई, साहेब. आयटीआय झालेला हाये. जळालेल्या मोटारी भरून देतो गावात. वयाची ही शेवटचीच भरती हाये त्याची. पुढच्या साली बसत न्हाई तो."

"मग इतकी वर्षं नाव ठेवलं कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांनी एकदा तेव्हाच्या साहेबांना विचारलं होतं. 'राहू द्या हो, आपलं काय जातं,' असं ते म्हणाले. भागवतरावांनाही ते पटलं होतं, किंवा सोयीचं वाटलं होतं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

"हे बघा," साहेबांनी अर्ज बाजूला सरकवला, "नाव ठेवलं तर मला कुणी विचारणार नाही. काढलं आणि उद्या विसर्जनात एक दगड पडला, तर पहिला फोन मला येईल, की नाव कुणी काढलं? त्यात ह्याचे दोन मित्र जन्मठेपेत आहेत. मला काढायला कारण पाहिजे. तुमच्या त्या वेळच्या डायरीत 'खात्रीलायक गोपनीय माहितीवरून ताब्यात घेतले' असं लिहिलंय. माहिती कुणाची होती?"

भागवतराव अर्जावरच्या फोटोकडं बघत राहिले.

"मला नाव नका सांगू. त्या माणसाला घेऊन या. नेमकं काय सांगितलं होतं ते त्यानं जबाबात द्यावं. मुलगा गुन्हेगार नाही एवढं स्पष्ट झालं तर मी वर पाठवतो, नाव निघेल. नाहीतर दुसरा रस्ता, माहितीच चुकीची होती असं तुम्ही लिहून द्या. पण मग कामात कसूर केल्याची कसुरी निघेल तुमच्यावर. सन्मानचिन्हासाठी तुमची शिफारस गेलीय, ती परत येईल. फेब्रुवारीत रिटायर होताय, विचार करा. सोमवारपर्यंत."

भागवतराव बाहेर येऊन बाकावर बसले. माहिती चुकीची नव्हती. त्यांच्या सगळ्या नोकरीत इतकी बरोबर माहिती त्यांना कुणी दिली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी वाघलखेड्यात वेशीच्या कमानीवर कुणाचं नाव द्यायचं यावरून गाव दोन तुकड्यांत वाटलं गेलं होतं. सुमितच्या बाजूच्या मिथुन नावाच्या पोराला दुसऱ्या बाजूच्यांनी एसटी थांब्यावर मारहाण केली. दोन दिवसांनी गुरुवार होता, देवगव्हाणचा बाजार. भागवतराव बाजारात हिंडत असताना लसणाच्या ढिगापाशी बसलेली एक बाई, नजर वर न करता, पुटपुटली.

"जमादार, माझ्याकडं पाहू नका. लसूण पाहा."

ते उकिडवे बसले आणि लसूण निवडू लागले.

"मी सुमितची माय. माझ्या लेकरानं गाडीच्या डिक्कीत पेट्रोलच्या बाटल्या भरून ठेवल्यात. दोन हायेत. मिथुन अन् अजून एक जण हाये संगं. आज दिवस मावळल्यावर त्यांच्या गणपतीच्या मंडपाकडं जायचं ठरून राह्यलंय. मी कान देऊन ऐकलं."

"मंडपात कोण असतंय त्या टायमाला?"

"बाया असत्यात. लेकरं असत्यात. आरतीचा टाईम असतो न." तिच्या हातातला गड्डा सोलून सोलून संपला होता. "त्याला आजच्या दिवस आत टाका. मारू नका. एकुलता हाये. अन् माझं नाव..."

"तुमचं नाव ह्या तोंडातून जाणार न्हाई, बाई."

चार वाजता त्यांनी सुमितला थांब्यावरून उचललं. एकोणीस वर्षांचं पोरगं, ओठावर नीट मिशीही नव्हती. डिक्कीत सापडलेल्या बाटल्यांचा पंचनामा केला असता तर त्याच्यावर गुन्हाच दाखल झाला असता. म्हणून भागवतरावांनी त्या ठाण्यामागच्या नालीत स्वतःच्या हातानं ओतल्या आणि कागदावर फक्त संशय ठेवला. मंडपाला बंदोबस्त लावला. बाकीचे दोघं दुसरीकडून पेट्रोल घेऊन आलेच. मंडपाशी पोलीस दिसल्यावर ते कडब्याच्या गंजीकडं वळले. गंज पेटली, शेजारचा गोठा पेटला आणि बैलं सोडायला आत गेलेला एक म्हातारा भाजून गेला. ते दोघं अजून हर्सूलच्या तुरुंगात आहेत. सुमित त्या वेळी कोठडीत होता, म्हणून वाचला.

सुमितच्या लेखी मात्र त्याला कुणी वाचवलं नव्हतं. बाटल्या होत्या, पण हातून काही घडलेलं नसताना त्याला आत टाकलं आणि मग दर वर्षी तसंच वागवलं, एवढंच त्याला माहीत. तो आईला सांगायचा, मी ऐन वेळी गेलोच नसतो. कदाचित खरंही असेल. जे घडलंच नाही त्याचं नक्की काही सांगता येत नाही. भागवतरावांचा सगळा धंदाच त्या न सांगता येणाऱ्या गोष्टीवर चाललेला होता.

शुक्रवारी दुपारी ते वाघलखेड्याला गेले. मालनबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. पोरांची जेवणं आटोपली होती आणि त्या हौदापाशी मोठं पातेलं आडवं करून अर्ध्या त्याच्यात शिरून घासत होत्या. बाराच वर्षांत बाई पार वाळून गेली होती. आजूबाजूला कुणी नाही हे बघून भागवतराव पायरीवर टेकले आणि साहेबांनी काय सांगितलं ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातली राख झटकली.

"मी देते जबाब. बाटल्यांचं काढत न्हाई, मीच त्याला एक दिवस आत ठेवा म्हणले, एवढं सांगते. चला आत्ताच."

"थांबा, बाई. कागद झाला म्हंजे तो उद्या त्याच्या हातात पडणार. माहितीच्या अधिकारात कुणी बी काढतंय. त्याला कळल."

"कळू द्या."

"कळल्यावर काय करील तो?"

पातेल्याच्या बुडाला खिचडीची खरपुडी धरली होती, ती त्या नखानं काढू लागल्या.

"दोन सोयरिकी मोडल्या त्याच्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या टायमाला तर पाव्हणे घरात बसलेलेच होते अन् तुमचा शिपाई नोटीस घेऊन आला. पोरीच्या बापानं कप खाली ठेवला अन् उठला. दर साली तुमचा माणूस येतो, जमादार, अन् दर साली मीच त्याला पाणी देते. सुमित म्हणतो, माय, ज्यानं कोणी माझं नाव देलं न, तो मेला तरी मी त्याच्या मातीला जाणार न्हाई. माझ्यासमोर म्हणतो. मी भाकऱ्या थापत असते अन् तो म्हणतो."

भागवतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तवा बरोबर केलं का मी?" तिनं विचारलं. "बारा सालात कोणाला विचारता बी आलं न्हाई."

"बिलकुल बराबर केलं. तुम्ही आल्या नसत्या तर तो आज हर्सूलला असता. अन् मंडपातली किती माणसं..." ते थांबले. "माझ्या आख्ख्या नौकरीत तुमच्यासारखी माहिती कोणी देली न्हाई, बाई."

तिला त्यात मोठेपणा वाटला नाही. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "मंग चला. नौकरी लागली की तो परभणीकडं जाईल. मला तोंड दावलं न्हाई तरी कुठंतरी खांबावर चढून काम करून राह्यलाय, एवढं मला पुरं हाये. लोक म्हणतील मायनंच लेकराची खबर देली. म्हणू द्या."

ती खरंच निघाली असती. पायात चप्पल सरकवून उभीसुद्धा राहिली होती.

"दोन दिवस थांबा," भागवतराव उठले. "मी निरोप धाडल्याशिवाय ठाण्याची पायरी चढायची न्हाई. माझी आण हाये तुम्हाला."

घरी चतुराबाईंनी सन्मानचिन्हाच्या समारंभासाठी ब्लाऊज शिवायला टाकला होता. जालन्याला परेड मैदानावर कार्यक्रम, मोठ्या साहेबांच्या हस्ते छातीवर लावणार, घरच्यांना पुढची रांग. ते ऐकून चतुराबाईंनी परतूरच्या बहिणीलाही बोलावून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी नवरा ओसरीवर कागद घेऊन बसलाय आणि तासभर एक ओळ लिहिलेली नाही हे बघून त्यांनी विचारलं, "काय हो, काही बिनसलं का?"

"न्हाई. जुनं एक राहिलेलं काम हाये."

चिन्हाचं त्यांना वाईट वाटत होतंच. तेहतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ते वाटणारच, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण पेन अडलं होतं ते दुसऱ्याच जागी. आपण नाव उगीच घेतलं असं आपल्याच हातानं लिहायचं. लोक सांगत ते ज्या एका गोष्टीच्या भरवशावर, तीच मोडून टाकायची. आणि खोटं लिहायचं. साहेबांच्या तोंडून आलेलं थोडंफार खोटं त्यांनी ह्या नोकरीत लिहिलं होतं, ते कुणाला चुकलंय? स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलंच.

मग त्यांना पायात चप्पल घालून उभी राहिलेली ती बाई आठवली आणि त्यांनी लिहायला घेतलं. 'सदर इसम त्या गुन्ह्यातील आरोपींच्या ओळखीचा आहे एवढ्यावरून, कोणतीही खातरजमा न करता, मी त्यास ताब्यात घेतले. मला कोणीही माहिती दिलेली नव्हती. खात्रीलायक माहिती हा उल्लेख मी माझ्या मनाने केला. त्यानंतर दर वर्षी फेरतपासणी न करता त्याचे नाव मी यादीत कायम ठेवले.' शेवटचं वाक्य लिहिताना त्यांचा हात अडला नाही, कारण ते खरं होतं.

सोमवारी शेळके साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. उठून दार लावलं आणि परत बसले.

"कुणीच सांगितलं नव्हतं?"

"न्हाई साहेब."

"त्याच दिवशी, त्याच गावात, तुम्ही मंडपाला बंदोबस्त मागितला होता. तोही मनानं?"

"अंदाज होता."

साहेबांनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं. भागवतराव भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात गोदावरी शोधत राहिले.

"मी हा कागद तुम्हाला परत देऊ शकतो, वराडे. आत्ता दिला तर मी वाचलाच नाही असं होईल."

"राहू द्या साहेब. जल्दी पाठवा. पोराला पंधरा तारखेपर्यंत हजर व्हायचंय."

साहेबांनी सही केली. सही करताना त्यांनी मान वर केली नाही.

ठाण्यातला कागद बाहेर कसा जातो हे कुणी सांगावं? गुरुवारच्या बाजाराच्या आत भागवतरावांच्या टिपणाचा फोटो चाळीस खेड्यांत फिरला. 'मी माझ्या मनाने केला' ह्या ओळीखाली कुणीतरी लाल रेघ ओढली होती. कसुरीचा कागद आला, शिफारस परत आल्याचा कागद आला. चतुराबाईंनी शिवून आलेला ब्लाऊज पेटीत ठेवला आणि बहिणीला फोन करून कार्यक्रम रद्द झाला एवढंच सांगितलं. नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही, आणि भागवतरावांना तेच जास्त लागलं.

पण कागदाचं दुखणं कागदापुरतं असतं. त्या आठवड्यात ते फ्लेक्सच्या दुकानात गेले तेव्हा धर्मराजनं पडदा हळूच भिंतीकडं वळवला.

"आज काही न्हाई जमादार छापायला. मशीन बंद हाये."

मशीन मागं चालू होतं. त्याचा घर्रर्र आवाज दोघांनाही ऐकू येत होता. गिरणीवर पीठ घेणाऱ्या बायका बोलता बोलता थांबल्या आणि ते पुढं गेल्यावर पुन्हा बोलू लागल्या. मंडपवाला काकासाहेब, जो एरवी बाकावरची जागा पुसून द्यायचा, तो हिशेबाच्या वहीतून डोकं वर काढीना. कुणी काही वाईट बोललं नाही. भागवतरावांना माणसं ओळखता येत होती, आता ह्या भागात आपल्याला कुणी काही सांगणार नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. नोकरीचे सहा महिने राहिले होते. त्यांनी साहेबांना सांगून गोपनीयचं काम दुसऱ्याकडं दिलं आणि जीप थांब्यावर वाहतुकीची ड्यूटी मागून घेतली.

तिथंच चौदा तारखेला सकाळी सुमित त्यांना भेटला.

परतूरला जाणारी जीप भरत होती. तिथून त्याला परभणीची गाडी धरायची होती. नवी बॅग, नवा शर्ट, गळ्यात गावच्या पोरांनी घातलेला हार, तो काढायचीही त्याला लाज वाटत होती. मागं मालनबाई डब्याचं फडकं आवळत उभ्या होत्या. लेकराला स्टेशनपर्यंत सोडायला निघाल्या होत्या. भागवतरावांनी त्यांना बघितलं आणि शिट्टी तोंडात धरून ते दुसऱ्या बाजूला वळले. पण सुमितनं त्यांना गाठलंच.

"जमादार."

"हं. बोल बाबा."

"तुमच्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमधी हाये. रोज वाचतो मी." त्याचा आवाज चढला नव्हता, तरी जीपमधली माणसं माना बाहेर काढून ऐकू लागली. "बारा साल मी इचार करून राह्यलो, कोणी देलं असल माझं नाव? भावकीतल्या एकेकावर संशय घेतला मी. चुलत्याशी बोलणं सोडलं. मिथुनच्या भावाची गचांडी धरल्ती. अन् तुम्ही म्हणता कोणीच देलं न्हाई. मनानं लिहिलं."

"व्हय."

"तुमचं मन! माझ्या जवानीचं काय केलं तुमच्या मनानं, ठाऊक हाये का? अन् माझं सोडा, ह्या बाईला विचारा. दर गणपतीला ही दारात कशी बसायची ते विचारा न तिला. विचारा माझ्या मायला!"

त्यानं आईचा दंड धरून तिला पुढं आणलं. मालनबाईंनी भागवतरावांकडं बघितलं. त्यांचे ओठ हलले. बारा वर्षं दाबून धरलेलं आता ह्या थांब्यावर, ह्या गर्दीत, त्या बोलून टाकणार हे भागवतरावांना दिसलं, आणि बाईच्या तोंडून शब्द निघायच्या आत ते दोन पावलं पुढं आले.

"चुकलं बाबा माझं," ते म्हणाले. अंगावर खाकी असताना त्यांनी दोन्ही हात जोडले. "लई मोठी चूक झाली. बारा साल मी ते नाव तसंच ठेवलं, मला काढता आलं असतं, अन् मी काढलं न्हाई. तू नौकरीवर जा. चांगलं काम कर." मग ते मालनबाईंकडं वळले. "बाई, तुमची बी माफी मागतो. तुम्ही काही बोलू नका. गाडी सुटून राह्यलीय."

सुमितला बहुधा भांडण हवं होतं. समोरचा माणूस हात जोडून उभा राहिल्यावर त्याला पुढचं बोलता येईना. त्यानं गळ्यातला हार ओढून काढला, बॅग उचलली आणि जीपमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. मालनबाईंना मागच्या बाकावर जागा मिळाली, उघड्या दाराच्या तोंडाशी.

जीप हलली. रस्त्याला लागताना तिनं वळण घेतलं तेव्हा मालनबाई नेमक्या समोर आल्या. मांडीवर डबा होता आणि त्याच्यावर पदर ओढलेला. पुढं बसलेल्या लेकाला दिसू नये असा तो पदर त्यांनी जरासा सरकवला. आत दोन्ही हात जोडलेले होते. उसाच्या फडाआड जीप जाईपर्यंत त्या तशाच बसून होत्या.

थांब्यावरच्या टपरीवाल्या सर्जेरावला राहवेना. तो कपडा खांद्यावर टाकत जवळ आला.

"जमादार, आपण इतकी सालं एकमेकाला वळखून हावत. खरं सांगा, त्या पोराचं नाव खरंच उगीच घातल्तं का हो?"

भागवतराव रस्त्याकडं बघत होते.

"व्हय," ते म्हणाले, "उगीच घातल्तं."